वाड्याच्या लेव्हलला संगीत कोणतं लावावं? (डूम 2)

जुना_वाडा (इंदूर)

मंडळी नमस्कार. 'घरातला पहिला कॉम्प्युटर' या धाग्यावर इथे जुने नेमबाजीचे खेळ खेळणारे बरेच जण निघाले, म्हणून हिंमत करून विचारतो.

जुन्या इंदुरात आमचा वाडा होता. दोन वर्षांपूर्वी पाडला. पाडायच्या आधी वाटण्यांसाठी मी स्वतः टेप धरून सगळी मापं घेतली होती. वाटण्या झाल्या, पैसे आले, गेले. मापांची वही तेवढी राहिली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी डूम 2 या जुन्या नेमबाजीच्या खेळाचा एडिटर (लेव्हल बनवायचं साधन) उघडला आणि वहीवरून वाडा काढत बसलो. दिंडी दरवाजा, ओटी, चौक, चौकात विहीर, माजघर, कोठीची खोली, माडीचा जिना. माजघराचं दार इतकं बुटकं होतं की डूमचा शिपाई (उंची 56 युनिट) जेमतेम आत शिरतो. आम्ही पोरं तिथे हमखास कपाळमोक्ष करून घ्यायचो.

एक अडचण अशी की डूममध्ये खोलीवर खोली रचता येत नाही. त्यामुळे माडी उचलून मागच्या अंगणात ठेवावी लागली. काकांचा हिस्सा तोच होता, त्यांना सांगू नका.

आता प्रश्न. मी मॅप 01 वर, म्हणजे खेळाच्या पहिल्या लेव्हलच्या जागी काम करतोय, त्यामुळे खेळाचं मूळ संगीत वाजतं. ते पळापळीचं आहे. चौकात उभं राहून विहिरीकडे बघावं तर मागे गिटारी धावतायत, जणू सोसायटीचं कर्ज बुडवून निघालोय. राक्षस आहेत लेव्हलमध्ये, नाही असं नाही, पण थोडे. सतारीचं काही लावावं का? की काहीच नको? तुम्ही काय केलं असतं?

इंपचा_मामा (इंदूर)

सर्वात आधी ते मॅप 01 चं संगीत काढ. तीस वर्षं लोक एकेकटे नकाशे बनवतायत, त्यातले निम्मे मॅप 01 वर आणि संगीत न बदलता. मी ते जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा आरती म्हटली नसेल. कान आता ते ऐकतच नाही, पंख्याच्या घरघरीसारखं झालंय.

शेवजिलबी

भिया, विहिरीत काय ठेवलंय? रॉकेट लाँचर?

जुना_वाडा (इंदूर)

@शेवजिलबी, आजी सांगायची की तिच्या लग्नातली चांदीची कळशी त्या विहिरीत पडली ती पडलीच. तिथे निळी किल्ली ठेवली आहे.

शेवजिलबी

दंडवत घ्या.

डब्बा486 (बडोदा)

माझं मत 'काहीच नको'. कारण सांगतो, जरा लांबण आहे.

क्वेक (डूमवाल्यांचाच पुढचा खेळ) आला 1996 मध्ये. आमच्याकडे आला सत्त्याण्णवला, मित्राच्या मामाच्या ऑफिसातून, कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून उतरवलेला. सीडी नव्हती. क्वेकचं संगीत त्या सीडीवर साध्या गाण्यांच्या ट्रॅकसारखं असायचं, पहिल्या ट्रॅकवर खेळ आणि दुसऱ्यापासून संगीत. सीडी नाही तर संगीत नाही. हे आम्हाला कुठे ठाऊक! आम्हाला वाटलं, हा खेळ असाच आहे. दगडी बोळ, पाण्याजवळ गेलं की पाण्याचा आवाज, वर आभाळ दिसलं की वारा. तो वारा आणि पाणी खेळाचं इंजिन आपणहून वाजवतं, नकाशा करणाऱ्याला वेगळं काही ठेवावं लागत नाही. बाकी गुणगुणणारी यंत्रं, ठिबकणारं पाणी वगैरे हवं तिथे मांडता येतं.

वर्षभर आम्ही असे खेळलो. पावलांचा आवाज नाही, संगीत नाही, नुसता वारा. आणि मग कुठूनतरी ओगर नावाच्या राक्षसाचा घुरघुराट. भिंतीमागे आहे की मागच्या खोलीत, हे कानानेच ओळखायचं. कॉलेजात गेल्यावर एकाकडे खरी सीडी मिळाली. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरचं संगीत, फार भारी आहे, चाल कमी आणि घरघर जास्त. (खिळ्यांच्या बंदुकीच्या गोळ्यांच्या पेटीवर त्यांच्या बँडची खूण रंगवलेली आहे, बघितली नसेल तर बघा.) पण मला दहा मिनिटांत ते बंद करावंसं वाटलं. मला ओगर ऐकू येईना.

तेव्हा वाड्यात संगीत नको. वाडा ऐकू येऊ दे.

इंपचा_मामा (इंदूर)

@डब्बा486, किस्सा झकास, पण तो क्वेक. डूममध्ये वारा-पाणी आपोआप वाजत नाही. संगीत काढलं तर उरतं काय? दारं, लिफ्ट, बंदुका, आणि राक्षसांचं गुरगुरणं. तेही 1200 युनिटपलीकडचं ऐकूच येत नाही. थोडे राक्षस आणि संगीत नाही म्हणजे सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत गेल्यासारखं होईल.

डब्बा486 (बडोदा)

तेच तर भीतीदायक आहे :)

ग्वाल्हेरचा_पंत

मला खेळांतलं काही कळत नाही, नातू खेळतो ते पाहतो. पण संगीताचा प्रश्न आहे म्हणून तोंड घालतो. इंदूरकरांनी सतार लावू का असं विचारावं याचं आश्चर्य वाटलं. तुमच्या गावात अमीर खाँसाहेब होऊन गेले. झुमऱ्यात, चौदा मात्रांच्या ठेक्यात, इतका सावकाश ख्याल मांडायचे की दोन मात्रांच्या मधे माणूस उठून पाणी पिऊन येईल. त्या मधल्या जागेतच सगळं असायचं. वाड्याला तसं काही हवं. एक सा लावून ठेवावा आणि गप्प बसावं.

आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीत एवढं थांबणं बसत नाही, आम्ही बंदिश आधी नीट भरून मांडतो. पण जिथे जे शोभतं ते शोभतं.

शेवजिलबी

ग्वाल्हेरकरांनी इंदूरला चांगलं म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

इंपचा_मामा (इंदूर)

पंतकाका, आदर आहेच. पण झुमऱ्यात ठेका लावून रेव्हेनंटशी लढून दाखवा. तो हाडांचा सापळा खांद्यांवरून क्षेपणास्त्रं सोडतो, ती वळून मागे येतात. सम यायच्या आत शिपाई स्वर्गवासी.

ग्वाल्हेरचा_पंत

नातवाला विचारलं. तो म्हणाला रेव्हेनंट ठेवूच नका. इति.

बोळ_नंबर_3 (इंदूर)

सगळे संगीताच्या मागे लागलेत. वातावरण उजेडातून येतं. डूममध्ये प्रत्येक सेक्टरला (नकाशाच्या तुकड्याला) 0 ते 255 उजेड देता येतो, पण मूळ इंजिनात तो सोळा-सोळाच्या पायऱ्यांनीच बदललेला दिसतो, म्हणजे 145 आणि 150 यांत काही फरक नाही. नवशिके लोक सगळीकडे 192 ठेवतात आणि मग संगीताकडून वातावरणाची अपेक्षा करतात.

चौक 208, ओटी 160, माजघर 112, कोठी 80. चौकातून माजघरात पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला हवी, आपल्या वाड्यांत दुपारी यायची तशी. देवघरात सेक्टर टाइप 17 लावा, ज्योत फडफडल्यासारखा उजेड हलतो. एवढं केलं की संगीत कुठलंही चालतं.

मैत्रेयी_बडोदे

@बोळ_नंबर_3, पहिल्या परिच्छेदाला बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत), शेवटच्या वाक्याला नाही. प्लुटोनिया घ्या. 1996 च्या फायनल डूममधले 32 नकाशे, पण संगीत आधीच्या डूमांतूनच उचललेलं. पुढे चाहत्यांनी त्याच नकाशांसाठी नवीन मिडी संगीत केलं (मिडी म्हणजे फाइलीत नुसते स्वर, वाद्यांचा आवाज ऐकणाऱ्याचं यंत्र काढतं). तेच नकाशे, तेच राक्षस, तोच उजेड, पण ते लावून खेळलं की काही जागा उदास वाटायला लागतात ज्या आधी नुसत्या कटकटीच्या वाटायच्या. सिजिल हा डूमसाठीचा नव्या लेव्हलचा संच 2019 मध्ये आला तेव्हाही दोन संगीतं होती. पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीत बकेटहेडची गिटार, फुकट आवृत्तीत जेम्स पॅडॉकचं मिडी. मला मिडीतलंच जवळचं वाटतं. पटत नसेल तर दोन्ही लावून बघा.

आता @जुना_वाडा, सतारीबद्दल. मी दोन-तीन लेव्हलना संगीत करून दिलंय म्हणून कामाचं सांगते.

जनरल मिडीच्या 128 वाद्यांत सतार आहे (105), सनईसुद्धा आहे (112). तानपुरा नाही, तबला नाही. सतार कोणती वाजेल ते ऐकणाऱ्याच्या यंत्रावर. बॉबी प्रिन्सने डूमचं संगीत केलं तेव्हा चांगल्या लोकांकडे रोलँडचं साउंड कॅनव्हास आणि बाकी जनतेकडे साउंड ब्लास्टर कार्डावरची एफएम चिप. जुन्या चिपवर एका वेळी नऊच स्वर वाजतात, दहावा आला की कुणाचा तरी गळा धरला जातो. म्हणून तुमचं गाणं दोन्हीवर लावून बघा. चांगल्या साउंडफाँटवर (वाद्यांच्या आवाजांच्या संचावर) जी सतार, तीच एफएमवर डासासारखी ऐकू येते.

आणि मींड. पिच बेंड (स्वर ओढायची सोय) सहसा दोन अर्धस्वर वर, दोन खाली एवढाच असतो. सा वरून रे पर्यंत ओढता येईल, गंधारापर्यंत न्यायचा असेल तर कसरत. मिडीचं डूमच्या एमयूएस साच्यात रूपांतर केलंत तर बेंडला जेमतेम 256 पायऱ्या मिळतात. पंतकाकांना ऐकवू नका.

शेवटचं: 121 ते 128 हे वाद्यांचे नंबर नसून आवाज आहेत. 123 समुद्र, 124 पक्षी, 125 टेलिफोन, 126 हेलिकॉप्टर. संगीताच्या जागी नुसता 124 अधूनमधून, मधे लांब थांबे, अशीही फाइल करता येते. संगीत म्हणून वाजते आणि चौकात चिमण्या येतात.

शेवजिलबी

126 लावा. बिल्डर येतोय.

इंपचा_मामा (इंदूर)

हहपुवा

कॅसेट_बी (ग्वाल्हेर)

सनई लावणार असाल तर एक इशारा: वाड्यात सनई वाजली की आपल्या माणसाला लग्नच आठवणार. राक्षस मारताना पंगतीत मठ्ठा वाढतोय असं वाटेल.

मला दोन उदाहरणं द्यायची आहेत. एक, एलियन्स टीसी, 1994. डूम येऊन वर्षही झालं नव्हतं आणि एका चाहत्याने अख्खा खेळ बदलून टाकला. त्याच्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही. तुम्ही रिकाम्या तळावर फिरता, दारं उघडता, आणि कोणी येत नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, घरी सगळे झोपलेले, आवाज एकवर ठेवून खेळत होतो. दुसऱ्या लेव्हलपर्यंत माझी गेलीच नाही हिंमत. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळलो.

दोन, मायहाउस, 2023. आधी कोणाचं तरी साधं घर, तेच मॅप 01 चं संगीत. @इंपचा_मामा म्हणतात ना की कान ते ऐकत नाही, त्याचाच फायदा घेतलाय. घर हळूहळू बिघडतं आणि संगीतही. कधी बिघडलं ते कळत नाही, कारण तुम्ही ऐकणं सोडून दिलेलं असतं. यापेक्षा जास्त सांगत नाही, खेळलं नसेल त्यांचा विरस होईल.

म्हणून माझा सल्ला उलटा: ते मूळ संगीत काढू नका. पहिली दोन मिनिटं असू द्या.

इंपचा_मामा (इंदूर)

मी 'काढ' म्हणालो ते मागे घेतो. अर्धं मागे घेतो.

बोळ_नंबर_3 (इंदूर)

मायहाउसची नक्कल करणारी घरं आता ढिगाने झालीत. प्रत्येकाचं घर बिघडतंय. यांचा वाडा बिघडू देऊ नका, बिल्डरने बिघडवला तेवढा पुरे.

ग्वाल्हेरचा_पंत

वरची 256 पायऱ्यांची गोष्ट वाचली. वाईट वाटलं.

डब्बा486 (बडोदा)

अवांतर: त्या काळी कॅफेत ड्यूक नुकेम खेळायचो, तो आठवला. त्याच्या एडिटरमध्ये आवाजाचा एक स्प्राइट (नकाशात ठेवायची खूण) असतो, त्याला 1000 च्या पुढचा टॅग (आकडा) दिला की त्या खोलीत आवाज घुमतो. एका मित्राने मांडूला सहलीला जाऊन आल्यावर तिथल्या एको पॉइंटची लेव्हल केली होती. सगळीकडे 1255 लावला. बंदूक झाडली की शेजारच्या मशीनवरचा पोरगा वळून बघायचा. कॅफेवाल्याने आम्हाला स्पीकर काढून हेडफोन दिले, तेही एका कानाचे.

शेवजिलबी

इंदूरच्या कॅफेत हेडफोन कुठले, सगळे काउंटर स्ट्राइकवाले एकमेकांना ओरडून सांगायचे "अबे पीछे". तेच आमचं वातावरण.

बोळ_नंबर_3 (इंदूर)

रच्याकने, मूळ प्रश्नाकडे. डूममध्ये आवाज नुसता ऐकायला नसतो, तो पसरतो. तुम्ही एक गोळी झाडली की तो आवाज जोडलेल्या खोल्यांतून पाण्यासारखा जातो आणि जिथे पोचतो तिथले राक्षस जागे होतात. बंद दार त्याला अडवतं. उघडी वाट असेल तर रेषेला 'आवाज अडव' ही खूण लावता येते, पण एकीने भागत नाही, अशा दोन रेषा ओलांडायच्या असतील तरच आवाज थांबतो.

वाड्यात चौक सगळ्या खोल्यांना उघडा. म्हणजे चौकात एक गोळी आणि अख्खा वाडा जागा. चौकात भांडण झालं की माडीवरचे काकाही खाली यायचे, तसं. मी असतो तर संगीताऐवजी या आवाजाचा विचार केला असता. आणि दाराच्या आवाजाचा. डूमच्या दाराचा आवाज यंत्राचा आहे. लाकडी दाराला तो शोभत नाही.

मैत्रेयी_बडोदे

दाराच्या आवाजाला +1. आवाजाचा लंप (खेळाच्या फाइलीतला त्या आवाजाचा तुकडा) बदलणं सोपं आहे: 8 बिट, मोनो, 11025 हर्ट्झ. एवढ्या कमी दर्जात लाकूड फार छान करकरतं, खरखर आपोआप येते.

जुना_वाडा (इंदूर)

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, माफी. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं.

सतार करून बघितली. मैत्रेयीताई म्हणाल्या तसं झालं: घरच्या मशीनवर छान, एफएमवर डास. काढली. पंतकाकांचा सा लावला, ऑर्गनच्या एका वाद्यावर खालचा सा आणि पंचम धरून ठेवले. चार मिनिटांनी बायको आतून म्हणाली, फ्रिजचं काहीतरी बिघडलंय. तोही काढला. चिमण्या ठेवल्या आहेत, फक्त चौकात गेल्यावर ऐकू याव्यात अशी इच्छा होती पण मूळ इंजिनात संगीताला जागा कळत नाही, त्यामुळे कोठीतही चिमण्या. बरं, आमच्या कोठीत खरंच होत्या.

उजेडाचे आकडे बोळसाहेबांचे जसेच्या तसे घेतले. माजघरात शिरताना खरंच डोळे मिचकावले.

आणि दार. मापं घेताना मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, कोणती भिंत कुठली ते नंतर कळावं म्हणून. त्यात एका जागी मी दार ढकलतो, दीड सेकंदाचा आवाज आहे. मागे कुणीतरी "अरे पंखा बंद कर" म्हणतंय, ते कापलं. तेवढा तुकडा 11025 वर आणून दाराच्या आवाजाच्या जागी घातला. रात्री एक वाजता पहिल्यांदा लावलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. पुढचं काही लिहीत नाही.

डब्बा486 (बडोदा)

लिहू नका. कळलं.

कॅसेट_बी (ग्वाल्हेर)

'पंखा बंद कर' ठेवायचं होतं.

इंपचा_मामा (इंदूर)

आणि राक्षस?

जुना_वाडा (इंदूर)

राक्षस आहेत. पण काल आत्या आली होती, तिला दाखवायला राक्षस काढून चालू केलं. खेळ सुरू करताना 'नोमॉन्स्टर्स' लिहिलं की कुणी येत नाही. आत्याचं वय 78, बाणांच्या बटणांवर बोट ठेवून तिने स्वतः चालवलं. भिंतींना दोनदा धडकली. विहिरीपाशी थांबली, कळशी दिसत नाही म्हणाली. मग ओटीवरून दिंडी दरवाजाकडे गेली, तो उघडला, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हा आवाज पुढच्या दाराचा नाही रे. माजघराचा आहे. पुढचं दार वाजायचंच नाही, तुझे आजोबा तेल घालायचे."

व्हिडिओ परत बघितला. माजघराचंच होतं.

आता अडचण अशी की डूममध्ये सगळ्या दारांना एकच आवाज. काही उपाय?

मैत्रेयी_बडोदे

आहे. झटकन उघडणाऱ्या दारांचा आवाज वेगळ्या लंपमध्ये असतो. दिंडी दरवाजाच्या रेषेला दाराच्या प्रकाराचा आकडा 1 ऐवजी 117 द्या आणि त्या दुसऱ्या लंपमध्ये जवळपास शांतता ठेवा. माजघराला 1 च राहू द्या.

जुना_वाडा (इंदूर)

झालं! आवाज वेगळे झाले. पण 117 चं दार चौपट वेगाने उघडतं. आत्याला फोनवर दाखवलं तर म्हणाली, पुढचं दार असं फटकन कधीच उघडलं नाही, आजोबा आधी आतून "कोण आहे" विचारायचे.

शेवजिलबी

भिया, त्याचा लंप कोणता?